प्याला एक, पंगती अनेक

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत 'पिणे' हे सकर्मक क्रियापद आहे. पाणी, दूध, ताक, चहा असे काहीतरी कर्म त्याला लागतेच. परंतु 'तो पितो' एवढेच म्हटले, तर गाळलेले कर्म कोणते हे कोणालाही सांगावे लागत नाही. शिवाय या एका कृतीसाठी आपल्याकडे शब्दांची उतरंडच आहे. मजुराबद्दल बोलताना आपण 'दारू ढोसतो' म्हणतो, कारकुनाबद्दल 'पितो', साहेबांबद्दल 'घेतात', आणि मोठ्या घरच्या समारंभाबद्दल 'ड्रिंक्स होते' एवढेच म्हणतो. मित्रमंडळी तर 'आज बसायचे का?' असे विचारतात. त्यात पिण्याचा उल्लेखही उरत नाही. माणसाचा दर्जा जसजसा वाढतो, तसतशी दारू वाक्यातून नाहीशी होत जाते.

'सोशल ड्रिंकिंग' हा शब्द मी शहरात शिकायला आल्यावर प्रथम ऐकला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावी पिणारे पुष्कळ होते; पण त्यांपैकी कोणालाही हा शब्द लावलेला मी ऐकला नव्हता. वास्तविक 'सोशल' म्हणजे सामाजिक, चारचौघांतले. आणि आमच्या गावचे पुरुष चारचौघांतच प्यायचे. मग हा शब्द कोणाला लागू पडतो आणि कोणाला पडत नाही, हा प्रश्न मनात घर करून राहिला. समाजशास्त्राच्या तासांनी आणि ग्रंथालयातील वाचनाने त्या प्रश्नाला जी दिशा मिळाली, ती प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

दारू चांगली की वाईट, हा वादविवाद स्पर्धेचा ठरलेला विषय आहे. येथे तो हेतू नाही. निरनिराळ्या समाजांनी दारूभोवती कोणते नियम बांधले, ते पाळून घेणारा कोण असतो आणि ते मोडल्यावर किंमत कोण भरतो, या तीन प्रश्नांपुरताच हा विचार मर्यादित आहे.

नशा शरीराची की समाजाची?

दारू कोणत्याही नावाने विकली गेली तरी तिच्यात अंमल चढवणारे द्रव्य एकच असते, ते म्हणजे इथाइल अल्कोहोल. ते रक्तात गेल्यावर पाय लटपटतात, जीभ जड होते, नजर आणि हात यांचा मेळ चुकतो. हे जगातील सर्व माणसांच्या बाबतीत घडते. परंतु प्यायलेला माणूस गातो, रडतो, शिवीगाळ करतो, बायकोवर हात टाकतो की गुपचूप झोपी जातो, हे मात्र सर्वत्र सारखे नाही.

ड्वाइट हीथ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी बोलिव्हिया देशाच्या पूर्व भागातील कांबा नावाच्या शेतकरी समाजात राहून अभ्यास केला आणि १९५८ साली तो प्रसिद्ध केला. हे लोक जी दारू पीत, तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ८९ टक्के होते. आपल्याकडील व्हिस्की-रममध्ये ते साधारण ४३ टक्के असते. सणावारी व सुटीच्या दिवशी ते गोलाकार बसत. मध्ये बाटली आणि सर्वांत मिळून एकच पेला. यजमान पेला भरून कोणाचे तरी नाव घेई, अर्धा स्वतः पिई आणि उरलेला त्याच्या हाती देई. मग त्याने पेला भरून पुढच्याचे नाव घ्यायचे. एकट्याने पिण्याची रीतच नव्हती. लोक झिंगत, आडवे होत, उठून पुन्हा बसत. पण हीथ यांना तेथे ना मारामारी दिसली, ना व्यसनाधीन माणूस. एकमेकांपासून दूर झोपड्या करून राहणाऱ्या या लोकांना एकत्र आणणारे निमित्त म्हणजे ही बैठक, असा अर्थ त्यांनी लावला.

१९६९ साली क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन यांनी 'ड्रंकन कम्पोर्टमेंट' या ग्रंथात अनेक समाजांतील अशी उदाहरणे एकत्र केली. दारू पिऊन कसे वागायचे हेही माणूस आपल्या समाजाकडूनच शिकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नशेत काय खपवून घेतले जाईल याची सीमा प्रत्येक समाजात ठरलेली असते आणि झिंगलेला माणूसही बहुधा त्या सीमेच्या आतच राहतो. पुढे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. काहींना दारू आहे असे सांगून नुसते टॉनिक वॉटर दिले, तर काहींना टॉनिक वॉटर म्हणून व्होडका मिसळलेले पेय दिले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात, आपण दारू प्यायलो असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात आक्रमकपणा अधिक आढळला. प्रत्यक्ष पेल्यात काय होते याला तितके महत्त्व उरले नाही.

हे वाचताना मला गावाकडची एक नेहमीची गोष्ट आठवली. घरी भांडी फेकणारा माणूस वाटेत ठाणेदार दिसला की बाजूला होतो आणि हात जोडतो. म्हणजे हात कोणावर उगारता येतो आणि कोणापुढे जोडावा लागतो, हा हिशेब पोटात दारू असतानाही शाबूत असतो. 'त्याने नाही केले, दारूने केले' ही सबब आपण फार सहज मान्य करतो. ती तपासून घ्यायला हवी.

एका गावातील दोन नशा

या विषयावरचा एक गाजलेला निबंध आपल्याच देशाविषयी आहे. जी. एम. कार्स्टेअर्स हे मनोविकारतज्ज्ञ राजस्थानात उदयपूरच्या बाजूच्या एका खेड्यात राहिले होते. दारू आणि भांग यांविषयीचा त्यांचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्या गावातील राजपूत मोहाची दारू पीत. मांस आणि दारू हा लढवय्याचा हक्क, असा त्यांचा समज होता. ब्राह्मणांना दारूचा मनस्वी तिटकारा. परंतु ते भांग घेत. भांगेने चित्त ईश्वराच्या ठायी एकाग्र होते, अशी त्यांची श्रद्धा होती. राजपुतांना भांग आवडत नसे, कारण तिने माणूस सुस्त होतो. दोघेही नशा करीत. पण प्रत्येकाला दुसऱ्याची तेवढी नशा वाटे.

कार्स्टेअर्स यांचे म्हणणे असे, की ज्या समाजाला जे गुण मोलाचे वाटतात, त्यांना साजेशी नशा तो समाज पसंत करतो. शौर्य, ऐट आणि मोकळेपणा मिरवणाऱ्याला दारू जवळची, तर संयम आणि वैराग्य मिरवणाऱ्याला भांग. ही पसंती जन्मावरून ठरते, आणि तिच्यावरून मग उच्चनीचताही ठरवली जाते. मजुराची देशी दारू आणि बंगल्यातील परदेशी मद्य यांच्याकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीतही याच जुन्या सवयीचा अंश आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मोहाचे झाड आणि सरकारी परवाना

आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागतात. भल्या पहाटे बाया आणि पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ही फुले वाळवून ठेवतात, भाजून व शिजवून खातात. टंचाईच्या दिवसांत त्यांनी अनेकांची भूक भागवली आहे. याच फुलांची दारूही गाळतात. गोंड समाजात जन्म, लग्न, मृत्यू आणि सण या प्रसंगी तिला मान असतो. पिण्यापूर्वी चार थेंब भुईवर सोडायचे, ते पूर्वजांचे. त्यानंतर जिवंतांची पाळी.

या रिवाजाला आपोआपच काही बंधने होती. फूल हंगामी. दारू गाळायला वेळ, सरपण आणि श्रम लागत, म्हणून ती हवी तेव्हा हवी तेवढी मिळत नसे. शिवाय पिताना घरची आणि गावची वडीलधारी माणसे समोर असत. या व्यवस्थेत कोणाला दुःख नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीपण पिण्याला सुरुवात होती तसा शेवटही होता, आणि तो शेवट जाहीर करणारे कोणीतरी होते.

इंग्रजी अमलात हे चित्र बदलू लागले. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवर आणि दारू गाळण्यावर सरकारचे नियंत्रण घट्ट झाले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. घरची दारू गुन्हा ठरली आणि ठेकेदाराच्या दुकानातील दारू कायदेशीर ठरली. सरकारला दारू थांबवायची होती असे नाही; तिच्यावरचा कर हवा होता. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी शहरात दारूची दुकाने वाढवण्यास पत्र लिहून विरोध केला, तो याच काळात. दुकानाच्या वाढीतील धोका त्यांनी वेळीच ओळखला होता.

दुकान आणि रिवाज यांतील फरक मूलभूत आहे. रिवाजाला सण लागतो, दुकानाला रोजच सण. रिवाजात आजोबा 'आता पुरे' म्हणतात. दुकानदार ते म्हणत नाही, उलट वहीत उधारी मांडतो. आणि जो दुकानातून कर गोळा करतो, त्यालाही ते म्हणणे जड जाते. २०१७ साली देशभर जीएसटी आला. पण पिण्याचे मद्य त्याच्या बाहेर ठेवले गेले आणि त्यावरील कर राज्यांच्या हाती राहिला. एकीकडे राज्यघटनेचे ४७ वे कलम राज्याला दारूबंदीसाठी प्रयत्न करण्यास सांगते, आणि दुसरीकडे राज्याच्या तिजोरीला तिचाच आधार असतो. ही विसंगती आजची नाही. तिचे मूळ अबकारीच्या व्यवस्थेत आहे.

धर्म आणि पेला

धर्मांनीही या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. इस्लामने मद्य निषिद्ध मानले. ज्यू धर्मात मात्र शब्बाथच्या संध्याकाळी द्राक्षमद्यावर आशीर्वचन म्हणतात आणि वल्हांडणाच्या रात्री चार पेल्यांचा विधी असतो. मुले लहानपणापासून तो पेला प्रार्थनेच्या संगतीत, आईवडिलांच्या देखत पाहतात. झिंगणे मात्र लाजिरवाणे समजतात. अमेरिकेतील ज्यू समाजात पिणारे पुष्कळ असूनही व्यसनी कमी का, या प्रश्नाचा शोध घेताना समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेल्स यांनी १९४६ साली या विधीकडेच लक्ष वेधले होते. आपल्या कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाने तर काळ्या मनुका पाण्यात भिजवून केलेल्या सरबतावर हे आशीर्वचन म्हणण्याची प्रथा पाडली. विधी टिकला, मद्य गळाले. पेल्यातील वस्तूपेक्षा पेल्याभोवतीची माणसे महत्त्वाची, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

गोव्यात निराळाच प्रकार आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणले, आणि त्याच्या बोंडांपासून गोवेकरांनी उराक व फेणी केली. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गावातील क्रुसापाशी 'लादाईन' म्हणजे सामुदायिक प्रार्थना झाली, की जमलेल्यांना उकडलेले चणे आणि थोडी फेणी देण्याची जुनी पद्धत आहे. प्रार्थना, चणे, शेजारीपाजारी आणि मग पेला, असा हा क्रम आहे. आपल्याकडून सुटीत गोव्याला जाणारी मंडळी त्यातला शेवटचा भाग तेवढा उचलतात. त्यांना तेथे पिण्याची मुभा मिळते. तिथली रीत मिळत नाही.

पाहुणचाराचे दोन प्रकार

सामाजिक पिण्याचे अत्यंत नियमबद्ध रूप पाहायचे तर कॉकेशस पर्वताच्या कुशीतील जॉर्जिया या देशाकडे पाहावे. तेथे द्राक्षमद्य 'क्वेव्री' नावाच्या, जमिनीत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणांत मुरवतात. या पद्धतीला २०१३ साली युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथील मेजवानीला 'सुप्रा' म्हणतात आणि तिचा एक प्रमुख असतो, त्याला 'तमादा' म्हणतात. तमादा एकामागून एक शुभवचने बोलतो: शांततेसाठी, मातृभूमीसाठी, आईवडिलांसाठी, दिवंगतांसाठी, मुलांसाठी. तो बोलल्याशिवाय पेला ओठी लावायचा नसतो. त्याला सर्वांबरोबर प्यावे लागते, पण त्याने स्वतः तोल घालवला तर ती मोठी नामुष्की. कीर्तनकाराने रंगात येऊन स्वतःच ताल चुकवावा, तशी. त्या मेजवानीत पिणे पुष्कळ होते, ही गोष्टही नाकारता येत नाही; पण ते शब्दांच्या मागून चालते.

जपानमध्ये आपला पेला आपण भरायचा नसतो. शेजाऱ्याचा भरायचा आणि तो आपला भरील अशी वाट पाहायची. कचेरीतील सहकाऱ्यांच्या 'नोमिकाई' नावाच्या बैठकीत कनिष्ठ वरिष्ठांचे पेले भरतात, दिवसभर न बोललेले थोडे मोकळेपणाने बोलतात, आणि ते दुसऱ्या दिवशी कोणी मनावर घेत नाही. वरवर पाहता ही व्यवस्था मोठी सुंदर वाटते. परंतु पेला सतत दुसऱ्याच्या हातून भरला जात असेल, तर नको म्हणणाऱ्याने काय करावे? वरिष्ठांना नकार कसा द्यावा? या जाचाला जपानी भाषेत आता 'आरुहारा' असा शब्दच रूढ झाला आहे. अल्कोहोलचा छळ, असा त्याचा अर्थ. तेथील तरुण पिढी कमी पिऊ लागली, मद्यावरील कराचे उत्पन्न घटले, तेव्हा २०२२ साली जपानच्या राष्ट्रीय कर खात्याने तरुणांनी अधिक प्यावे म्हणून कल्पना मागवणारी स्पर्धाच जाहीर केली. अबकारीचे तर्कशास्त्र सर्व देशांत सारखेच असते, ते असे.

बंदीचा अनुभव

रिवाज मोडला आणि दुकान माजले, की बंदीची मागणी पुढे येते. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी १३ वर्षे देशभर दारूबंदी होती. सुरुवातीला पिणे घटले, परंतु चोरट्या व्यापाराने आणि टोळ्यांनी डोके वर काढले, आणि अखेर घटनादुरुस्ती करून बंदी मागे घ्यावी लागली. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम झाला. तो आजही महाराष्ट्राच्या नावाने अस्तित्वात आहे. त्या कायद्याप्रमाणे दारू पिण्यास परवाना लागतो, आणि तो आरोग्याच्या जतनासाठी दिला जातो! 'परमिट रूम' ही पाटी आपण रोज वाचतो, पण ती कोणत्या परमिटाची, याचा विचार करीत नाही. कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत, हे तर आपल्या वयाच्या फार थोड्यांना ठाऊक असते.

बंदीची चर्चा मी पुस्तकातून शिकण्यापूर्वी घरात पाहिली आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्या जिल्ह्यातही ती व्हावी म्हणून स्त्रियांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. २०१० साली त्या चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माझे बाबा धानाच्या गिरणीत हमाली करतात. त्यांचा चुकारा शनिवारी होतो. त्याआधी शनिवारची रात्र आमच्या घरी कशी असे, ते येथे लिहिण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी ती असते त्यांना ती ठाऊक आहे. बंदी आल्यावर कित्येक महिने बाबा दिवेलागणीच्या आत घरी आले. आईने त्या वर्षी किराणा दुकानातील मागची उधारी फेडली आणि मला शाळेसाठी जुनी सायकल घेऊन दिली.

पण याच चित्राची दुसरी बाजूही मी पाहिली. काही काळाने बाहेरून चोरून बाटल्या येऊ लागल्या. किंमत दुप्पट झाली. बाबा पुन्हा पिऊ लागले आणि आता दुप्पट पैसे देऊ लागले. गावातील शाळा सोडलेली पोरे मोटारसायकलवरून माल पोचवू लागली. मे २०२१ मध्ये शासनाने बंदी उठवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बेकायदा विक्री वाढल्याचे कारण दिले गेले. ते कारण खोटे नव्हते. परंतु बंदी उठावी की राहावी, हे त्या नागपूरला चालत गेलेल्या बायांना कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही. माझी आई त्या वेळी एवढेच म्हणाली, "दारू चालू राहो का बंद राहो, चुकारा घरी आला पायजे." अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला याहून नेमके वाक्य अजून सापडलेले नाही.

स्त्रियांच्या हाती एक साधन मात्र राज्यात आहे. गावातील किंवा वॉर्डातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद करावे लागते. मजुरी बुडवून तेवढ्या जणींनी केंद्रावर येणे ही मोठीच अट आहे. तरीसुद्धा अनेक गावांनी ती पुरी केली आहे. पिणारा बहुधा पुरुष आणि किंमत भरणारी बहुधा स्त्री. या मतदानात निदान किंमत भरणारीला बोलता येते.

'एकच प्याला' आणि मित्रमंडळ

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर लगेचच रंगभूमीवर आले. दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून ते आपल्याला माहीत असते. परंतु ते आणखी एका दृष्टीने वाचण्याजोगे आहे. त्यातील सुधाकर हा गुत्त्यात पडलेला अडाणी माणूस नाही. तो बुद्धिमान, मानी, सुशिक्षित वकील आहे. न्यायालयात झालेल्या अपमानाने तो खचलेला असताना तळीराम त्याच्यापुढे पहिला पेला धरतो, आणि तोही आपुलकीने. पुढे नाटकात 'आर्य मदिरा मंडळ' येते. तेथे सुशिक्षित मंडळी एकत्र बसून पिण्याचे नाना युक्तिवाद करतात. प्रेक्षक त्या प्रवेशांना हसतात, आणि त्याच वेळी दुसरीकडे सिंधू दळण दळत असते.

'सोशल ड्रिंकिंग' हा शब्द गडकऱ्यांनी वापरलेला नाही. पण त्या मंडळाचे वर्णन करायला तोच शब्द चपखल बसेल. तेथे घटना आहे, सभासद आहेत, भाषणे आहेत. नाही तो फक्त 'आता पुरे' म्हणणारा माणूस. जॉर्जियाच्या तमादाची, गोंडांच्या वडीलधाऱ्यांची किंवा शब्बाथच्या मेजावरील आईची जागा तेथे रिकामी आहे. चारचौघे जमले म्हणून पिणे सामाजिक होत नाही. त्या चौघांत एकमेकांची जबाबदारी घेणारा कोणीतरी असावा लागतो.

समारोप

वरील विवेचनावरून, योग्य रीतीने प्यायल्यास दारू निरुपद्रवी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. रीतिरिवाज माणसाचे वर्तन सांभाळू शकतात. यकृत सांभाळू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच मद्याचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही, असे त्या संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले, असा तिचा अंदाज आहे. हे मृत्यू भरताना देशी-विदेशी असा भेद होत नाही.

'आजकाल सगळेच घेतात' हे वाक्यही आकडेवारीला धरून नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के मद्य पितात आणि स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का. अरुणाचल प्रदेशात, जेथे तांदळाचे मद्य घरोघरी केले जाते, तेथे हेच आकडे सुमारे ५३ आणि २४ असे आहेत. म्हणजे रिवाज बदलला की पिणाराही बदलतो. पण एकूण देशाचा विचार करता न पिणाराच बहुसंख्य आहे. वसतिगृहातील खोलीत मात्र तोच एकटा पडतो, आणि कारण त्यालाच द्यावे लागते. 'सोशली घे रे, एवढ्याने काय होते' असे मलाही म्हटले गेले आहे. म्हणणारे मित्र वाईट नाहीत. ते घेतात ते 'ड्रिंक्स' आणि माझे बाबा घेतात ती 'दारू', एवढेच त्यांनी गृहीत धरलेले असते. दोन्हींतला फरक मी शोधून पाहिला. ड्रिंक्स घेणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल पेटते, एवढाच तो आहे; आणि त्याचे श्रेय पिणाऱ्याच्या संयमाला नसून त्याच्या पगाराला आहे.

म्हणून कोणत्याही समाजाची पिण्याची रीत तपासायची झाली, तर तीन कसोट्या लावाव्यात असे मला वाटते. थांबवणारा कोणी आहे का? घरच्यांच्या ताटातले काढून पेला भरला जातो का? आणि नको म्हणणाऱ्याची जागा त्या पंगतीत तशीच राहते का? पहिल्या कसोटीला जॉर्जिया उतरतो, दुसरीला आमचे गाव उतरत नाही, आणि तिसरीला जपानच्या कचेऱ्या व आपली वसतिगृहे सारखीच अडखळतात.

आग्रह करणे हा आपल्या पाहुणचाराचा भाग आहे. लग्नाच्या पंगतीत आपण जिलबीचा आग्रह करतो, तोच पेल्याचाही करतो. पण त्याच पंगतीत आणखी एक संकेत आहे. जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरला, की वाढपी पुढे जातो. तो कारण विचारत नाही, आणि जेवणाऱ्यालाही कोणी पंगतीतून उठवत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या बायांनी केले ते याहून वेगळे नव्हते. आपण आपल्या मित्रांच्या बैठकीत एवढा एक संकेत पाळला, तरी 'सोशल' या शब्दाला काही अर्थ येईल.